रोमाचा आवाज

पडद्याच्या फटीतून मला आई दिसली तेव्हा मी गाण्याच्या अगदी मध्यावर होते.

चौथ्या की पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर ती बसली होती. दवाखान्याची पांढरी कडक साडी, पदर खांद्यावर पिनेनं टाचलेला, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. आजूबाजूच्या नर्स मुली टाळ्या वाजवत होत्या, एक-दोघी तर उभ्या राहून डुलत होत्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. तिनं मान थोडी तिरकी केली होती. पेशंटची नाडी बघताना ती अशीच मान तिरकी करायची. जगातले बाकीचे सगळे आवाज बंद करून तेवढं एकच ऐकायचं, अशी.

माझा सूर हलला नाही. सवय असते. पण हातातला माइक घामानं निसटायला लागला.

थिएटर जालन्यातलं होतं, माझ्या गावातलं. साल त्र्याऐंशी, नवरात्राचे दिवस, दुपारची वेळ. एका महिला मंडळानं फक्त बायकांसाठी खेळ ठेवला होता आणि बाहेरच्या बोर्डावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'डिस्को क्वीन रोमा, आपल्या गावात!' खाली रोमाचं भलंमोठं चित्र. उंच, घाऱ्या डोळ्यांची, चंदेरी पँट घातलेली, एक हात आभाळाकडे उचललेला.

ती रोमा त्या क्षणी स्टेजवर नाचत होती आणि ओठ हलवत होती. गात मी होते. ड्रमच्या शेजारी एक काळा पडदा टांगलेला असायचा आणि त्याच्यामागे, वाद्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसून, मी गायचे. पडद्याला एक फट ठेवलेली असे. तिच्यातून मला रोमाची पाठ दिसायची. तिचे खांदे वर गेले की मी श्वास घ्यायचा, आणि माझा श्वास माइकमध्ये ऐकू आला की तिनं तोंड उघडायचं, असं आमचं बसलं होतं. दीडेक वर्षात एकदाही चुकलं नाही. लोक म्हणायचे, एवढी नाचते आणि दम कसा लागत नाही हिला!

तिचं खरं नाव देवकी नाखवा. वरळीच्या कोळीवाड्यातली. माझं करुणा पाटोळे. कॅसेटवर दोन्ही नावं नव्हती. कॅसेटवर 'रोमा' होतं आणि देवकीचा फोटो होता. 'थांब जरा थांब, वेड्या, गाणं सरलं नाही' हे त्यातलं गाणं त्या वर्षी इतकं चाललं की रिक्षात, लग्नात, गणपतीत, जिथं जावं तिथं माझाच आवाज माझ्या अंगावर येई. मी भाजी घेत उभी असे आणि भाजीवाला ते गुणगुणत असे. मी पैसे देऊन निघून येई.

मी पुढे का नव्हते, हे माझ्याकडे बघून कोणालाही कळलं असतं. मला कोड आहे. अकराव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा डाग उठला, मग दोन्ही ओठांभोवती पसरला, मग बोटांवर. मी सावळी, त्यामुळे ते लांबूनसुद्धा उठून दिसतं. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं सगळे उपाय केले. बावचीचं तेल लावून मला ती सकाळच्या उन्हात उभी करायची आणि स्वतः सावलीत उभी राहून माझ्याकडे बघत राहायची. काही झालं नाही. वडील मी लहान असतानाच गेले होते. आम्ही दोघीच होतो.

गाणं मला चर्चमध्ये मिळालं, पण आवाज मिळाला मिस एडनांच्या खोलीत. त्या अमेरिकेहून आलेल्या म्हाताऱ्या नर्स. त्यांच्याकडे ग्रामोफोन होता आणि तिकडच्या काळ्या बायकांच्या गाण्यांच्या तबकड्या होत्या. मला इंग्रजी फारसं कळायचं नाही. पण त्या बायका गात नव्हत्याच मुळी, सांगत होत्या. भांडत होत्या, मागत होत्या, मध्येच गप्प होत होत्या. मी त्यांच्यासारखा आवाज छातीतून काढायला शिकले. चर्चमधले सर म्हणायचे, करुणा, जरा गोड म्हण. मला गोड यायचं नाही.

चोविसाव्या वर्षी मी मुंबईला गेले. आईला एवढंच सांगितलं की ऑर्केस्ट्रात गाते. ती चिडली नाही, खूषही झाली नाही. "जेवत जा वेळेवर," म्हणाली.

आणि आता ती इथं बसली होती. मी कळवलं नव्हतं. सकाळी आमची बस गावात शिरली तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. दवाखान्यावरून गेलो तेव्हा देवकी म्हणाली, "तुझं गाव ना गो हे? घरी जाऊन ये की." मी झोपेचं सोंग घेतलं.

कडवं संपलं. मधलं संगीत सुरू झालं, देवकी गिरकी घेत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी पुन्हा फटीतून पाहिलं.

आईची खुर्ची रिकामी होती.

वाटलं, कंटाळून गेली असेल. तिला असला गोंगाट कधी आवडला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढचं कडवं आलं, मी गायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. मागून डेटॉलचा वास आला.

मी वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"करुणा," ती म्हणाली.

मी माइकवर हात ठेवू शकत नव्हते. देवकी समोर तोंड उघडून उभी होती. मी गात राहिले. 'थांब जरा थांब, वेड्या.' आई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. कुठल्या दारानं आली, कोणाला विचारून आली, मला आजही ठाऊक नाही. आवाजाच्या मागानं आली असेल. फटीतून येणारा लाल-निळा उजेड तिच्या साडीवर फिरत होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फटीतून बाहेर नाचणाऱ्या देवकीकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे.

ओळ संपली, गिटार सुरू झाली, तेव्हा ती कानाशी वाकली.

"काय करायलीस इथं अंधारात?"

"गातेय."

"ते ऐकायलेच मी. पण ती कोण?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता, देवकीचे खांदे वर गेले होते. मी श्वास घेतला आणि गायले. आई तशीच उभी राहिली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, बायका 'रोमा, रोमा' ओरडल्या, देवकीनं वाकून मुजरा केला. आई त्या टाळ्या ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"बाजारात पानपट्टीवर लागायचं हे गाणं," ती म्हणाली. "मी थांबायचे. पानवाला म्हणायचा, सिस्टर, पान देऊ का? मला वाटायचं, भ्रम झाला मला. सगळीकडं पोरगीच ऐकू येते. आज मुली म्हणाल्या, ती रोमा आलीय, चला. म्हटलं, बघावं तरी, कोणाची लेक आहे."

मध्यंतराचे दिवे लागले.

मागे मेकअपची एक खोली होती. आरसा तडकलेला, कोपऱ्यात फिल्मची जुनी डबडी. देवकी पंख्याखाली बसून गळ्याचा घाम पुसत होती. तिनं आईला बघितलं आणि उठून उभी राहिली. आम्ही दोघी सारख्या दिसतो, मी आणि आई. सांगायची गरज पडली नाही.

"नमस्कार, मावशी," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक. देवकीचा खरा आवाज चिमणीसारखा होता.

दारात टिपणीस उभे होते, तिकडे आई वळली. अविनाश टिपणीस म्हणजे आमचे संगीतकार आणि आमचे मालकही. गाणी त्यांची, वाद्यवृंद त्यांचा, कॅसेट काढली ती त्यांनीच. बुटके, सफारी घालणारे, सतत वेलदोडा चघळणारे.

"तुम्हीच का साहेब?"

"हो. आपण?"

"मी हिची आई. माझ्या लेकीला पडद्यामागं कोंडून ठेवलंय तुम्ही. तिच्या आवाजावर दुसरी नाचवायले. तिच्या अंगावर डाग आहेत म्हणून? लाज नाही वाटत? डागाला आवाज असतो का? आवाजाला डाग असतो का?"

मी आईला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. टिपणीस माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत होते. ते माझी वाट बघत होते, हे मला कळत होतं.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "मी वाईट माणूस असेन. धंद्यात माणूस चांगला राहत नाही. पण हे पाप माझं नाही. विचारा तिला."

"काय विचारू?"

"कॅसेटच्या फोटोची वेळ मी हिच्याच नावानं घेतली होती. मेकअपवाला बोलावला, चांगला, सिनेमातला. हातमोजे आणले होते कोपरापर्यंतचे, काळे. म्हटलं, ओठांचं तो बघेल, लांबून फोटो काढू, कोणाला कळणारही नाही. आणि कळलं तर कळू दे, आवाज असा आहे की लोक विसरतील. ही स्टुडिओत आली. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. दिवे लागले. आणि ही बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. दारातून म्हणाली, त्या कोरसमधल्या नाचणाऱ्या मुलीचा फोटो घ्या. देवकीचा. मी म्हटलं, वेडी का काय तू? म्हणाली, नाहीतर मी कॅसेटला आवाज देणार नाही." टिपणीसांनी वेलदोडा तोंडात टाकला. "रोमा हे नावसुद्धा हिनंच ठेवलं."



देवकी माझ्याकडे बघत होती. दीडेक वर्षं ती मला स्वतःच्या ताटातला मासा काढून द्यायची. बसमध्ये खिडकीची जागा द्यायची. कोणी सही मागितली की माझ्याकडे चोरटं बघून घ्यायची. मला वाटायचं, स्वभाव आहे. चिडली की ती कोळीवाड्याच्या बोलीवर यायची.

"मना वाटलं यांनी तुला मागं बसवलंय," ती म्हणाली. "मना वाटलं मी तुझं खाल्लं. रोज रात्री देवाला हात जोडते मी, माहितेय? आणि तूच मला पुढं ढकललंस होय गो?"

मला सांगायचं होतं. फोटोग्राफरचे दिवे लागले तेव्हा माझ्या हातावर पांढरं ऊन पडल्यासारखं वाटलं आणि मी कुठे उभी आहे तेच कळेना. काळ्या पडद्यामागे मला कधी भीती वाटली नव्हती. तिथं मी कशीही तोंड वेडंवाकडं करून गाऊ शकत होते. शब्द हवा तेवढा ताणू शकत होते, रडू शकत होते. आमचे वादक मला विचारायचे, तुझ्यावर अन्याय होतोय ना? आणि मी हलकं हसायचे. ते मला सोयीचं होतं. मला कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं. हे मी देवकीला सांगितलं नाही, आईलाही नाही. मान हलवली फक्त.

आई खुर्चीत बसली. पर्स उघडली, रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

"नाताळच्या फोटोत," ती म्हणाली, "तुला मीच मागच्या रांगेत उभी करायची. उंच पोरींच्या मागं. सर म्हणायचे, सिस्टर, ती एवढी चांगली गाते, तिला पुढं घेऊ. मी म्हणायचे, नको. म्हटलं, कोणी काही बोलायला नको पोरीला." तिनं पर्स बंद केली. "कोणी काही बोललंच नाही मग."

बेल झाली. टिपणीस घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, बाहेर आठशे बायका बसल्या आहेत. मला माफ करा. देवकी, चल."

मला वाटलं, आई म्हणेल, चल घरी. नाहीतर म्हणेल, जा, उभी राहा समोर. दोन्हींची मला भीती वाटत होती. पण ती उठली, माझ्याबरोबर पॅसेजमधून चालत आली, पडदा बाजूला करून आत शिरली आणि माझ्या खोक्यावर एका बाजूला सरकून बसली. तिचे गुडघे दुखायचे. खाली वाकताना तिनं ड्रमच्या लोखंडी पायाला धरलं.

"ये, बस," ती हळूच म्हणाली. "इथं बरं वाटतं का तुला? मग मी पण बसते. मला काही अडचण नाही."

तिनं पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून त्या अंधारात ती बसली. समोरच्या फटीशी डोळाही लावला नाही तिनं. बस येईपर्यंत स्टँडवर बसावं तशी बसली. जिच्या हातून अर्ध्या जालन्याची बाळंतपणं झाली, जिला बाजारात माणसं वाट करून द्यायची, ती माझी आई, धुळीनं भरलेल्या काळ्या कापडाच्या मागे, खोक्यावर.

मला ते बघवलं नाही. बाकी कोणतंच कारण नव्हतं. धीर आला, न्याय हवा होता, असलं काही नाही. तिला तिथून उठवायचं होतं एवढंच. आणि ती मी उठल्याशिवाय उठणार नव्हती.

मी माइक घेतला आणि पडद्याच्या बाहेर गेले.

देवकी स्टेजच्या मध्यावर हात वर करून उभी होती, गाणं सुरू व्हायची वाट बघत. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझ्या अंगावर साधी सुती साडी होती, पायात चपला. दिवे तोंडावर आले. बायकांचा गलका हळूहळू कमी झाला, आधी पुढच्या रांगांतला, मग मागचा. त्यांना दिसलं होतं. बायकांना हे लगेच दिसतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरच्या मुलीचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं. कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "अगं, कोड आहे तिला." ते आठशे बायकांना ऐकू गेलं.

वादक माझ्याकडे बघत राहिले. कोणालाच सुरू करायचं धाडस होईना. मग मी एकटीनंच सुरू केलं. 'थांब जरा' नाही. कॅसेटच्या मागच्या बाजूला एक संथ गाणं होतं, ते कोणी ऐकायचं नाही, नाचता येत नाही म्हणून. 'कोणी नसलं तरी दिवा लाव, मी येते आहे.' पहिल्या ओळीत आवाज कापरा झाला. श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना, पुढे कोणाची पाठ नव्हती. दुसऱ्या ओळीला बेस गिटारवाल्यानं सूर धरला. मग मी डोळे मिटले आणि मिस एडनांच्या तबकडीतल्या बाया मागायच्या तसं मागितलं. काय मागत होते, कोणाकडे, ते आता आठवत नाही.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत. डोळे उघडले. आई बाजूच्या पायऱ्या उतरून, भिंतीला धरत, आपल्या खुर्चीकडे परत चालली होती. सगळ्या शांततेत तिच्या चपलांचा आवाज येत होता.

आणि मग मागून एक ठसठशीत आवाज आला, "अगं बाई! हिचाच तर आवाज आहे! ती रोमा नुसतं तोंड हलवती!"

थिएटर फुटलं. "फसवलं!" "पैसे परत द्या!" "ए रोमे, गाऊन दाखव!" एक चप्पल स्टेजवर येऊन पडली, देवकीच्या पायाशी. माझ्याशी नाही, देवकीशी. मी बाहेर आल्यानं काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. तिच्या घरी भाऊ होते, आजारी वडील होते, सगळं घर त्या चंदेरी पँटवर चाललेलं होतं. टिपणीस बाजूनं पडदा पाडायच्या खुणा करत होते.

देवकीनं ती चप्पल उचलली. नीट बघितली. मग माझ्या हातातला माइक घेतला आणि आपल्या चिमणीच्या आवाजात म्हणाली,

"ही कोणाची हाय गो? एकच कशी टाकली? दुसरी पण टाक, माझ्या मापाची दिसते."

कोणीतरी हसलं.

"हो, आवाज हिचा. मी गाऊ लागले तर कोळीवाड्यातली मांजरं पळतात. हिनं तोंड उघडलं की मना नाचावंसं वाटतं, म्हणून मी नाचते. गळा हिचा, पाय माझे. दोघी मिळून एक बाई. चालेल का तुम्हाला? नाही चालत तर ही बघा, मी चालले."

मग त्या मागच्याच ठसठशीत आवाजाची बाई ओरडली, "चालेल! नाच!"

आणि मग जो हशा उठला तो मी जन्मात विसरणार नाही. ड्रमवाल्यानं ठेका धरला. मी 'थांब जरा' म्हणायला लागले, देवकी नाचायला लागली, आणि पहिल्यांदाच ती ओठ मिटून नाचली. दात दाखवत, हुंदडत, मध्येच मला कोपरानं ढोसत. ती इतकी चांगली नाचते हे मला पाठीवरून कळलंच नव्हतं. बायका खुर्च्यांमधून बाहेर आल्या. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, बुरख्यातल्या, नर्स मुली, सगळ्या मधल्या वाटेत नाचत होत्या. जिनं मुलीचं तोंड वळवलं होतं तीसुद्धा मुलीला कडेवर घेऊन उडवत होती. माझ्याकडे बघत नव्हती, पण नाचत होती. आई आपल्या खुर्चीत बसून पर्सवर बोटांनी ताल धरत होती, चुकीचा. तिला ताल कधीच जमला नाही.

असा खेळ आम्ही आधी कधी केला नव्हता. नंतरही करायला मिळाला नाही.

टिपणीस रागावले नाहीत. सामान बांधताना म्हणाले, "आज खरी मजा आली. पण हे आजच्यापुरतं, करुणा. बायका होत्या म्हणून चालून गेलं." त्यांचं खरं झालं. आठवडाभरात बातमी पसरली. लातूरच्या मंडळानं कळवलं की नकली रोमा नको. नांदेडच्यांनी कळवलं की कोड असलेली बाई स्टेजवर नको, सणासुदीचे दिवस आहेत. टिपणीसांनी कॅसेटचा दुसरा भाग काढायचं रद्द केलं. पुढच्या वर्षी डिस्कोच मागे पडला, त्यामुळे फारसं कोणाचं नुकसान झालं नाही, असं ते म्हणायचे.

देवकी आणि मी खेळ झाला त्याच संध्याकाळी जालन्याच्या स्टँडवर वेगळ्या झालो. ती बाकीच्यांबरोबर मुंबईच्या बसला, मी आईबरोबर घरी. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. "तू पुढं आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण आता मी काय करू गो?" बस निघाली.

मी नंतर औरंगाबादला एका हॉटेलात गायले, पुष्कळ वर्षं. वेरूळ-अजिंठा बघून दमून आलेले लोक जेवत असायचे, मी कोपऱ्यात दिव्याखाली उभी राहून गायचे. माझ्याच नावानं. ते आधी माझ्या हातांकडे बघत, मग ताटाकडे. टाळ्या क्वचितच मिळायच्या, हातात रोटी असते. कधी कोणी 'थांब जरा'ची फर्माईश करायचं आणि मी गायले की म्हणायचं, छान, पण रोमाची मजा नाही. मी आभार मानायचे. आई दोन-तीनदा येऊन बसली, मग तिचे गुडघे अगदीच गेले, मग ती गेली. लग्न झालं नाही. खोलीवर परत आल्यावर मी रेडिओ लावत नसे.

देवकी वसईला लग्न करून गेली एवढं कळलं होतं. गेल्या वर्षी तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. आवाज तसाच, चिमणीचा.

"अजून गातेस?"

"घरात. हॉटेल सोडलं आता."

"मी पण नाही नाचत. वजन वाढलं. पोरांना सांगते ना, तुमची आई डिस्को क्वीन होती, तर हसतात. पुरावा काय? कॅसेट वाजवायला मशीनच नाही घरात. तुझ्याकडे कोण आहे गो?"

"कोणी नाही."

"माझ्याकडे सगळे आहेत," ती म्हणाली. "पण दुपारी कोणी नसतं."

तिकडे कुठेतरी मासेवालीची हाक ऐकू येत होती, इकडे खालच्या मजल्यावर कोणी कपडे आपटत होतं. दोघींनीही फोन ठेवला नाही. बराच वेळ गेला तेव्हा देवकी म्हणाली, "उद्या पण करू का, याच वेळेला?"

"कर," मी म्हटलं.